शाळेतला त्रास, मोबाइलवरचा त्रास : खान्देशातल्या मंडळींनो, तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती, जळगाव

नमस्कार मंडळी. मी नववी-दहावीला शिकवते. सहामाहीत एका हुशार मुलीनं गणिताचा पेपर कोरा दिला. विचारलं तर म्हणाली, "डोकं दुखत होतं." खरं कारण तीन आठवड्यांनी कळलं, तेही तिच्या मैत्रिणीकडून. वर्गातल्या काहींनी तिच्या नावानं ग्रुप काढला होता. त्यात ती सोडून बाकी सगळे होते. जे आधी मागच्या बाकावर चालायचं, ते आता रात्री अकरा-बारापर्यंत चालत होतं.

"पोरं आहेत, चिडवणारच," असं मीही वर्षानुवर्षं म्हणत आले. पण भांडण वेगळं आणि छळ वेगळा. नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी 1970 च्या दशकापासून शाळेतल्या छळाचा अभ्यास केला. त्रास मुद्दाम दिला जातो का, पुन्हापुन्हा दिला जातो का, आणि सोसणाऱ्याला उलटून उभं राहता येत नाही असं आहे का, हे ते पाहत. मोबाइलवर तर 'पुन्हापुन्हा' याचा अर्थच बदलतो. एकानं एकदाच टाकलेला फोटो पन्नास जण पुढे पाठवतात.

तुमचं, तुमच्या मुलांचं काय झालं ते लिहा. शाळेचं किंवा कोणाचं नाव नको. मला मुख्यतः एक गोष्ट समजून घ्यायची आहे : मूल घरी का सांगत नाही?

शिंदखेडेकर

1996 ची गोष्ट. सातवीपर्यंत गावात शिकलो, आठवीला धुळ्यात मामाकडे आलो. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावरचं वाचायला सांगितलं. मी घरच्या अहिराणीत म्हणालो, "सर, माले (मला) दिसत नही." वर्ग हसला. सरही हसले. त्या दिवसापासून माझं नाव 'माले' पडलं. सायकल स्टँडवर 'माले', हजेरीला मागून 'माले', डब्यात कळण्याची भाकरी निघाली की "माले भाकर". दोन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही.

रोज सकाळी पोट दुखायचं. मामी ओवा द्यायची. रविवारी पोट कधीच दुखत नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

घरी का सांगितलं नाही, तर माझे आईबाप तेच बोलायचे म्हणून. तुमच्या बोलण्याला लोक हसतात, हे आईला कोणत्या तोंडानं सांगू? आज वयाची चाळिशी उलटली. अजूनही चारचौघांत आईचा फोन आला की ती अहिराणीत विचारते आणि मी मराठीत उत्तर देतो. तिला ते कळतं. ती काही म्हणत नाही.

एक आई, शिरपूर

माझी मुलगी नववीत असताना गॅदरिंगचा तिचा फोटो घेऊन कोणीतरी इन्स्टाग्रामवर खोटं अकाउंट काढलं. खाली घाण घाण लिहिलेलं. ती जेवेना, झोपेना, आंघोळीला गेली की तासभर बाहेर येईना. कळल्यावर मी पहिली गोष्ट काय केली, तर तिचा मोबाइल काढून घेतला. थोरले दीर म्हणाले, शाळा बंद करा, स्थळ पाहू. तिनं ते दाराआडून ऐकलं.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिनंच मला नंतर दिलं. म्हणाली, "मम्मी, मला माहीत होतं, शिक्षा मलाच होणार."

मोबाइल परत दिला. तिच्या पप्पांनी त्या अकाउंटची लिंक आणि तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवले, मग सायबर पोलिसांकडे गेले. आधी अकाउंट बंद पाडलं असतं तर हातात पुरावा राहिला नसता, हे तिथंच समजलं. करणारी मुलं वर्गातलीच निघाली. शाळेनं आम्हालाच "वाढवू नका" म्हटलं. तिला सावरलं ते तिच्या बाकावरच्या मैत्रिणीनं. ती रोज सकाळी घरी यायची आणि दोघी सोबत शाळेत जायच्या. बोलायची फार काही नाही. नुसती यायची.

बारावीतला, भुसावळ

मी त्रास देणाऱ्यांतला आहे. आमच्या वर्गातला एक मुलगा अडखळत बोलायचा. त्याचा व्हिडिओ काढून मी त्याचं व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर केलं. ग्रुपमध्ये 43 जण, सगळे हसले. त्याला वाईट वाटतंय हे मला दिसत होतं, पण हसणारे जास्त होते. एकानं जरी "काढ ते" म्हटलं असतं तरी मी काढलं असतं, असं वाटतं. त्यानं शाळा बदलली. यंदा स्टेशनवर दिसला, मी जाऊन माफी मागितली. तो "ठीक आहे" म्हणाला आणि ते म्हणतानाही अडखळला. ते स्टिकर अजून कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये आहे, मला माहीत नाही.

धडगावची

नंदुरबारला शिकायला आले तेव्हा "ए जंगल" म्हणायचे. वॉर्डन बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुर्लक्ष कर." परत कधी सांगितलं नाही.

निवृत्त शिक्षक, यावल

बेटा, ते 'दुर्लक्ष कर' मी तीस वर्षं शेकडो मुलांना सांगितलं. मला वाटे, मी धीर देतोय. आज तुझ्या दोन ओळी वाचून बराच वेळ बसून राहिलो.

आमच्या शाळेत तक्रारपेटी होती, मुख्याध्यापकांच्या दारासमोर. चिठ्ठी टाकणारा सगळ्या वर्गाला दिसे. पेटी कायम रिकामी, आणि आम्ही समजत होतो की शाळेत सगळं छान चाललंय.

मानसोपचार करणारी, धुळे

शिंदखेडेकर, तुमच्यासारखी रविवारी न दुखणारी पोटं मी आठवड्याला पाहते. झोप उडणं, चिडचिड, एकदम घसरलेले गुण, मोबाइल वाजला की दचकणं, ही लक्षणं दिसली तर चौकशीचा सूर न लावता बसून बोला. "जगावंसं वाटत नाही, असं मनात येतं का?" हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मुलाला मोकळं वाटतं.

टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक 2022 पासून आहे. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मुलांच्या मदतीसाठी 1098 ही हेल्पलाइन आहेच. अठराखालच्या मुलामुलीचा नग्न फोटो पसरवला असेल तर 'टेक इट डाऊन' या सेवेत फोटोचा फक्त सांकेतिक ठसा जातो, फोटो मोबाइलमधून बाहेर जात नाही. त्यावरून इन्स्टाग्राम, फेसबुक तो शोधून काढतात. आणि भुसावळच्या मुला, तुझ्या मित्रांना एक सांग : असा फोटो नुसता पुढे पाठवणाराही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ब खाली गुन्हेगार ठरतो.

अकरावी, अमळनेर

मी सगळं वाचलं. माझं पण असंच चालू आहे, दिवाळीपासून. घरी सांगितलं तर क्लास बंद होईल.

धागाकर्ती, जळगाव

बाळा, तुझ्या घरात असं कोण आहे, जे आधी ऐकून घेईल? आईवडीलच हवेत असं नाही. त्यांच्याशी बोलताना पहिलं वाक्य हेच म्हण : "मोबाइल काढून घेऊ नका, क्लास बंद करू नका, मग सांगते." मी जागी आहे. फार जड झालं तर 14416 ला आत्ताच्या आत्ता फोन कर.

अकरावी, अमळनेर

मामीला सांगितलं. ती भाकरी टाकत होती. तवा खाली उतरवला आणि म्हणाली, बस, पहिल्यापासून सांग.