सहजीवन सोसायटी (ए-बी-सी) ग्रुप : राजमाची किल्ल्याच्या सहलीची यादी

मुग्धा (बी-२०३), सकाळी ७:५२
समीर भाऊजी, काल रात्री साडेअकराला तुम्ही जी यादी टाकलीत त्यात सातव्या नंबरवर अर्णवचं नाव आहे. मला कोणी विचारलं? आई आहे मी त्याची आणि मला हे ग्रुपवरून कळतंय.

समीर (ए-४०१)
गुड मॉर्निंग वहिनी 🙏 निखिलशी लिफ्टमध्ये बोलणं झालं होतं. तो म्हणाला धर नाव.

मुग्धा
लिफ्टमध्ये.

मुग्धा
पेब किल्ल्याच्या वेळी पण तो "धर" असंच म्हणाला होता. मुलं रात्री सव्वाअकराला घरी आली, एकाचा फोन लागेल तर शपथ, आणि आम्ही सगळ्या आया वॉचमनच्या खुर्च्या ओढून गेटवर.

निखिल (बी-२०३)
मीटिंगमध्ये आहे. संध्याकाळी बोलू.

राजेश पाटील (बी-५०२)
निखिल, संध्याकाळपर्यंत तब्येत सांभाळ 😂

जोशीकाका (ए-१०२)
सर्वांस नमस्कार. सोसायटीच्या नावाने सहल काढण्याबाबत कोणताही ठराव झालेला नाही. यादीवर सोसायटीचे नाव आहे ते काढावे. उद्या काही झाले तर जबाबदार कोण?

समीर
काका, नाव काढलं. सोसायटीची सहल नाहीच, आपल्या मुलांची आहे.

वहिनी, पेबला शिडीखाली दुसरा ग्रुप अडकला म्हणून उशीर झाला, ते तेव्हाच सांगितलं होतं. राजमाचीला शिडी नाही, दोर नाही. लोणावळ्याहून जवळजवळ सपाटीची वाट, पंधरा-सोळा किलोमीटर, आणि पाऊस पडायच्या आत जीप थेट उधेवाडीपर्यंत, म्हणजे गडाखालच्या गावापर्यंत जाते. म्हणजे लहान मुलांनी चालायचं फक्त गावातून श्रीवर्धन बालेकिल्ल्यावर आणि परत. मुक्काम गावातल्या घरात. पिठलं-भाकरी, रात्री काजवे. सकाळी मोठी मुलं कोंढाणे लेणी बघत कोंदिवड्याला उतरणार, कर्जतहून लोकल. ३० आणि ३१ मे.

वैशाली (सी-१०१)
मस्तच! आमची स्वरा अडीच वर्षांची आहे, पाठीवरच्या कॅरिअरमध्ये चालेल ना? तिला आयुष्यभर लक्षात राहील 😍

राजेश पाटील
वैशाली, अडीच वर्षांचं कोणाला आठवतं? अनुराधा मॅडमना विचार, त्यांनी आयुष्यभर हेच शिकवलंय.

राजेश पाटील
माझं म्हणणं सरळ आहे. कर्जतला रिसॉर्ट. झिपलाइन आहे, रेन डान्स आहे, स्विमिंग पूल आहे, एसी खोल्या. मुलांना अ‍ॅडव्हेंचर, आपल्याला आराम. जेवण अनलिमिटेड.

समीर
राजेश, चाळीस फूट वायरवरून सरकायचं आणि खाली उतरल्यावर फोटोचे वेगळे पैसे. यात अ‍ॅडव्हेंचर कुठलं?

राजेश पाटील
तुझ्यासारखे सगळे डोंगरात जन्माला आलेले नसतात रे भाऊ. काही जणांना गुडघे आहेत.

जोशीकाका
सोसायटीच्या नावाने सहल काढण्याबाबत कोणताही ठराव झालेला नाही. तसेच शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. समीर यांची नोंदणी आहे काय?

समीर
काका, ते धंदा करणाऱ्यांसाठी. मी कोणाकडून एक रुपया वरचा घेत नाहीये. उलट पेबचे टेम्पोचे पैसे अजून तिघांकडून यायचेत.

*हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.*

मुग्धा
डिलीट करायच्या आधी वाचला मी, वैशाली. "काही जणींना मुलांना काचेच्या कपाटात ठेवायचं असतं." थँक यू.

वैशाली
अगं तो दुसऱ्या ग्रुपवरचा होता, चुकून इकडे आला. खरंच 🙏

मुग्धा
मी काचेच्या कपाटात ठेवत नाही. अर्णव कल्याणपर्यंत लोकलने एकटा जातो. पण २०२४ च्या जूनअखेर भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात मुलंच जास्त. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी ह्याच ग्रुपवर बघितला होता. तेव्हा सगळ्यांनी हात जोडले, आणि आता परत लोणावळा.

समीर
वहिनी, तो वाहत्या पाण्यातला प्रकार, भर पावसातला. आपण पावसाआधी जातोय. गावाजवळ तळं आहे, देऊळ आहे, तळ्यात कोणी उतरणार नाही, लिहून देतो.

मुग्धा
पावसाआधी? २०२५ साली २६ मेला मुंबईत मान्सून आला होता. तुमची तारीख ३० मे.

देशमुख, सेक्रेटरी (बी-३०१)
कृपया भाषेचे भान ठेवावे. विषय चांगला आहे, मुलांसाठी आहे. ज्यांची पांढरी गाडी टँकरच्या जागेवर उभी आहे त्यांनी ती हलवावी, टँकर बाहेर थांबला आहे.

राजेश पाटील
टँकर थांबलाय हेसुद्धा अ‍ॅडव्हेंचरच 😂

अनुराधा (सी-३०४)
राजेश, उत्तर देते. साधारण तीन-साडेतीन वर्षांआधीचं मोठेपणी बहुतेकांना आठवत नाही. स्वराला राजमाची आठवणार नाही, वैशालीला आठवेल, आणि त्यात वाईट काही नाही. पण एक गंमत आहे. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठात एलेन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलं आणि त्यांच्या आया अनेक वर्षं बघितल्या. ज्या आया झालेल्या गोष्टीबद्दल मुलांशी खुलवून बोलायच्या, "मग काय झालं, तू तेव्हा काय म्हणालास" असं विचारायच्या, त्यांच्या मुलांना पुढे वयात आल्यावर जास्त लहानपणचं आठवत होतं. नुसतं नेऊन भागत नाही. नंतर घरी त्यावर गप्पा व्हायला लागतात.

राजेश पाटील
म्हणजे रिसॉर्टला जाऊन नंतर गप्पा मारल्या तरी चालेल 😎

अनुराधा
चालेल. पण रेन डान्सबद्दल काय गप्पा मारणार आहात तुम्ही?

इरा (बी-१०४)
आजी बोलतेय, मी टाइप करतेय. तिला चष्मा सापडत नाहीये.

"मी आठ-नऊ वर्षांची असेन. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने हर्णैला जायचो. बोट किनाऱ्याला लागत नसे, लांब समुद्रात उभी राहायची. खालून पडाव यायचा. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी दंडाला धरून आपल्याला खाली सोडायचा, नेमका त्याच क्षणी. चुकला की पुढच्या लाटेपर्यंत थांबा. आईने आधी मला सोडलं आणि मग स्वतः उतरली, नऊवारी पोटरीपर्यंत भिजलेली, आणि खाली आल्यावर मलाच म्हणाली, बघ, घाबरलीस का? हात तिचा कापत होता. पडावात सुक्या मासळीचा वास आणि कोणाच्या तरी टोपलीतल्या कोंबड्या माझ्या पायाला टोचत होत्या. त्याच सुट्टीत मामाने सर्कस दाखवली म्हणतात, ती मला अजिबात आठवत नाही."

आजी म्हणतेय संपलं.

वैशाली
किती सुंदर आजी ❤️❤️

राजेश पाटील
आजी, लाइफ जॅकेट होतं का?

इरा
आजी म्हणतेय, तू गप्प बस.

मुग्धा
आजी, तुमची गोष्ट फार आवडली. पण तुमच्यासोबत तुमची आई होती. समीर भाऊजींच्या यादीत चौदा मुलं आणि चार मोठी माणसं आहेत. त्यातला एक राजेश.

राजेश पाटील
माझं नाव कोणी घातलं??

समीर
लिफ्टमध्ये.

निखिल
😂

मुग्धा
मीटिंग संपली वाटतं.

अनुराधा
मुग्धाचा मुद्दा नीट ऐका रे. दुसऱ्याबरोबर पाठवलेलं मूल घरी येऊन "मजा आली" म्हणतं आणि आंघोळीला जातं. पुढे बोलायला बरोबर असलेलं माणूस लागतं. आजींना तो हात आठवतोय, बोटीचं नाव नाही सांगितलं त्यांनी.

समीर
मॅडम, मान्य आहे, पण आयबाप येत नाहीत हो. दर वेळी विचारतो. कोणाचं ऑफिस, कोणाची पाठ. म्हणून तर मुलं घेऊन जातो मी. नाहीतर डोंबिवलीत राहून त्यांना सह्याद्री फक्त ट्रेनच्या खिडकीतून दिसतो.

जोशीकाका
सोसायटीच्या नावाने सहल काढण्याबाबत कोणताही ठराव झालेला नाही.

देशमुख, सेक्रेटरी
काका, नाव काढले आहे.

जोशीकाका
ठीक आहे. दुसरा मुद्दा. पंचांग पाहिले. ३१ मे रोजी अधिक ज्येष्ठ पौर्णिमा आहे. ३० च्या रात्री चंद्र रात्रभर वर. पिठासारख्या चांदण्यात काजवे काय डोंबल दिसणार?

राजेश पाटील
काका 🔥🔥

समीर
शनिवार-रविवार बघून तारीख काढली होती काका. ६ जूनला चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, तोवर पूर्ण अंधार. १३ तर अमावास्येजवळ, अंधार त्याहून चांगला, पण तोपर्यंत पाऊस धरला तर रस्त्याचा चिखल, जीप जात नाही आणि काजवेही मोठ्या पावसात कमी होतात. मग ६-७ जून.

वैशाली
अय्या, पण अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना! आमच्याकडे ७ ला जावयाला जेवायला बोलावलंय. माझ्या नवऱ्यालाच, माझ्या माहेरी.

राजेश पाटील
एकीकडे तेहतीस अनारसे, दुसरीकडे पिठलं. जावई कुठे जाईल हे सांगायला मॅडमची गरज नाही.

सुनील (सी-२०२)
बस गेटच्या आत लावणार असाल तर आधी सी विंगला विचारा. मागच्या वेळी पहाटे पाचला माझी स्कूटर हलवली, आरसा अजून वाकडा आहे.

समीर
बस रस्त्यावर उभी राहील सुनीलदादा.

सुनील
मागच्या वेळीही हेच म्हणाला होतात.

मुग्धा
६-७ ठीक. माझ्या अटी. एक, प्रत्येक मुलाबरोबर आई, बाबा, आजी, काका कोणीतरी एक, निदान दहावीच्या खालच्यांसाठी. दोन, दुपारनंतर ढग आले किंवा गडगडलं तर श्रीवर्धनवर जायचं नाही, घरात बसायचं, मुलं कितीही रडोत. वळवाच्या पावसात माथ्यावर वीज पडते. तीन, गावात पोचल्यावर आणि निघताना एक मेसेज. नेटवर्क नसेल तर आधी सांगा की नसेल, म्हणजे मी गेटवर बसणार नाही.

समीर
तिन्ही मान्य. नेटवर्क गावात येतं-जातं. आणि वर जायचं ते सकाळी लवकर, दुपारी नाहीच.

मुग्धा
आणि निखिल येतोय.

निखिल
मी?

मुग्धा
लिफ्टमध्ये तूच हो म्हणालास ना.

इरा
समीरकाका, माझ्याकडून पण लिहा ना. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून आणायचा. चमकत उडतात ते नर, मादी खाली गवतात-झुडपात बसून उत्तर देते. पांढरा उजेड मारला की ते एकमेकांना सापडत नाहीत. वाट सोडून गवतात शिरायचं नाही. बाटलीत भरायचे नाहीत. झाड हलवायचं नाही. आणि राजेशकाका, गेल्या वर्षी भंडारदऱ्याला तुम्ही गाडीचे हेडलाइट लावून व्हिडिओ काढला होतात, त्यात एकही काजवा नाही, नुसतं बॉनेट आहे.

राजेश पाटील
हे पोरगं वकील होणार.

इरा
मी पोरगी आहे.

जोशीकाका
सोसायटीच्या नावाने सहल काढण्याबाबत

जोशीकाका
चुकून गेला. फोन नवा आहे.

अर्णवचे आजोबा (बी-२०३)
शुभ सकाळ 🌹🌹 आजचा सुविचार : मन करा रे प्रसन्न, सर्व सिद्धीचे कारण.

देशमुख, सेक्रेटरी
सहलीची चर्चा कृपया वेगळ्या ग्रुपवर न्यावी. पांढरी गाडी अजून तिथेच आहे. टँकरवाला परत जातो म्हणतोय, मग दोन दिवस सगळ्यांनीच डोंगरावर जा.

सुनील
गाडी बी विंगची आहे. नाव घेत नाही.

राजेश पाटील
हलवतो हलवतो. इतकं काय.

समीर
नवीन ग्रुप काढलाय, "राजमाची ६-७ जून". मुलांची नावं आईवडिलांनी स्वतः टाका, मी कोणाचं टाकणार नाही. माणशी खर्च जीप आणि जेवण मिळून नंतर कळवतो, पेबचे तिघं आधी 🙏

वैशाली
शेवटचा प्रश्न, कोणी हसू नका. तिथे टॉयलेट आहे का? म्हणजे घरात की बाहेर?

समीर
घराच्या मागे आहे, दार आहे, कडी आहे. पाणी बादलीने न्यायचं. टॉर्च बरोबर ठेवा.

वैशाली
लाल कागद लावूनच ना?

मुग्धा
वैशाली, स्वरासाठी कॅरिअर आमच्याकडे आहे, अर्णवचं, माळ्यावर. संध्याकाळी घेऊन जा. पट्टे एकदा तपासून घे, क्लिप जुनी आहे.

वैशाली
येते सातला. चहा टाक.

निखिल
मुग्धा, माझे ट्रेकचे बूट कुठे आहेत?

मुग्धा
हे घरी विचार. नवीन घ्यायचे असतील तर धोंड्याच्या वाणात मागून घे, आईला मी सांगते.