यिक वो खटला: नियमात ‘चिनी’ शब्दच नव्हता, मग भेदभाव सिद्ध कसा झाला?

प्रश्न
अमेरिकेतल्या सान फ्रान्सिस्को शहराच्या १८८० च्या नियमानुसार वीट-दगडाची इमारत नसेल, तर लाँड्री चालवायला पर्यवेक्षक मंडळाची (शहराचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची) संमती लागे. आगीचा धोका खराच होता. १८८५ मध्ये बार्बियर खटल्यात रात्री १० ते सकाळी ६ धुलाई-इस्त्रीवरची बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली होती. मग १८८६ मध्ये यिक वो या चिनी लाँड्रीवाल्याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने लाँड्रीवाल्यांच्या बाजूने निकाल कसा दिला?

प्रतिसाद १
रात्रीची बंदी ठरलेल्या हद्दीतल्या सगळ्या लाँड्र्यांना सारखी होती. इथे संमती कोणाला द्यायची, कोणाला नाही, याचा एकही निकष नियमात नव्हता. सगळं मंडळाच्या मर्जीवर. खरी गोम तिथे आहे.

आता आकडे बघा. शहरात सुमारे ३२० लाँड्र्या, त्यातल्या ३१० च्या आसपास लाकडी इमारतींत, आणि साधारण २४० चिनी मालकांच्या. सुमारे २०० चिनी अर्जदारांना नकार मिळाला. बिगरचिनी ऐंशीएक जणांपैकी एक वगळता सगळ्यांना संमती. हे सगळं सरकार पक्षाने कबूल केल्यामुळे पुराव्याचा वाद उरलाच नाही. यिक वो २२ वर्षं त्याच जागेत धंदा करत होता, अग्निसुरक्षा आणि आरोग्य अधिकाऱ्यांचे दाखले त्याच्याकडे होते. म्हणजे आगीचं कारण टिकत नाही. १० डॉलर दंड न भरल्याने तो तुरुंगात गेला आणि त्या कैदेलाच आव्हान दिलं गेलं. अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीतलं कायद्याचं समान संरक्षण ‘कोणत्याही व्यक्ती’ला आहे, त्यामुळे तो नागरिक नसणं आड आलं नाही.

प्रतिसाद २
याआधी १८७९ चा वेणीचा खटलाही वाचा. तुरुंगातल्या प्रत्येक पुरुषाचे केस एक इंचापर्यंत कापायचे, असा नियम. त्यातही ‘चिनी’ शब्द नव्हता, पण लांब वेणी चिनी पुरुषच ठेवत, म्हणून फटका त्यांनाच बसे. न्या. फील्ड यांनी तो रद्द केला.

प्रश्नकर्ता
मग चिनी मजुरांच्या प्रवेशबंदीला हाच तर्क का लागला नाही?

प्रतिसाद १
कारण तिथे प्रश्न सीमेचा होता. १८८२ च्या कायद्याने मजुरांना १० वर्षं बंदी घातली, तरी आधीपासून राहणाऱ्यांना परतीचा दाखला मिळे. ऑक्टोबर १८८८ च्या स्कॉट कायद्याने ते दाखलेच रद्द केले. चे चान पिंग हा चिनी मजूर असा दाखला घेऊन १८८७ मध्ये चीनला गेला होता. परतला तेव्हा त्याला उतरू दिलं नाही. १८८९ मध्ये न्यायालय म्हणालं की परक्यांना रोखणं हा सार्वभौम राष्ट्राचा अधिकार आहे, त्यात आम्ही पडणार नाही. तो निकाल लिहिणारेही फील्डच, आणि मला तो अन्याय्यच वाटतो: सरकारने स्वतः दिलेल्या दाखल्यावर विसंबून माणूस बाहेर गेला होता.

प्रतिसाद ३
आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम १४ (कायद्यापुढे समानता) खाली १९५२ च्या अन्वर अली सरकार खटल्यातही यिक वोचा आधार चर्चेत आला होता. तिथेही प्रश्न तोच: कोणते खटले विशेष न्यायालयाकडे पाठवायचे, याला निकषच नव्हता.