'स्वीकारार्ह' म्हणावं की 'मान्य'?

रंकाळाकाठ: एका पाहणीची प्रश्नावली मराठीत आणतेय. प्रश्न असा: 'समलैंगिकता नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह आहे का?' कपिलतीर्थ मंडईत ओळखीच्या भाजीवाल्या मावशींना वाचून दाखवला. घेवड्याच्या शिरा काढता काढता म्हणाल्या, "बाई, कायबी कळलं न्हाई." उलगडून सांगितलं तर म्हणतात, "आमच्या भणीचा नातू तसाच हाय. सणाला येतंय, जेवतंय, जातंय. त्यात नीतीचं काय काढलंय?" आता मी खूण कुठल्या चौकटीत करू?

शाहूपुरीकर: 'समलैंगिक' ही हिंदीची छाप. मराठीत 'समलिंगी'. आधी ते दुरुस्त करा.

पंचगंगा: 'नदी' आणि 'वही' समलिंगी, कारण दोन आहेत. एकटा माणूस समलिंगी कुणाशी? सम असतं ते आकर्षणाचं लिंग, म्हणून 'समलैंगिक'च बरा. पेपरात दोन्ही चालतात.

शाहूपुरीकर: पेपरात चालतं म्हणून शुद्ध ठरत नाही.

जुनी_वही: मूळ प्रश्नाकडे या. 'स्वीकार' म्हणजे जे आपलं नव्हतं ते आपलं करणं, त्यात 'स्व' आहे. 'मान्य' दुरूनही म्हणता येतं. मावशींनी स्वीकारलंय, 'मान्य' शब्द त्यांच्या तोंडी आलाच नाही. मला तर 'चालतं का?' हेच खरं भाषांतर वाटतं.

पंचगंगा: माझी अडचण 'नैतिक'शी आहे. 'अनैतिक संबंधातून खून' असा मथळा दिसला की आपण लग्नाबाहेरचं प्रकरण समजतो. म्हणजे नैतिक ते लग्नातलं, एवढाच अर्थ उरलाय. समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ ला नकार दिला. मग त्यांचं प्रेम या शब्दात बसणार कधी?

शाहूपुरीकर: ६ सप्टेंबर २०१८ ला न्यायालयानं दंड संहितेच्या कलम ३७७ मधून समलिंगी संबंध वगळले, बरंच झालं. पण गुन्हा नसणं वेगळं आणि नीतीला धरून असणं वेगळं. नीती समाज ठरवतो. मला अजून पटत नाही, खोटं कशाला बोलू?

जुनी_वही: त्याच निकालात न्यायालयानं लोकांची नीती आणि संविधानाची नीती वेगळी केलीय. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत सांगितलं होतं की ही सांविधानिक नीतिमत्ता उपजत नसते, ती जोपासावी लागते.

शाहूपुरीकर: नीतिमत्ता की नैतिकता?

माळावरचा: जोगत्यांच्या तर आपल्याकडे पाया पडतात. मग आपल्या समाजाला हे नवं कुठं आहे?

पंचगंगा: गल्लत नको. जोगत्या देवीला सोडलेला. ती ओळख वेगळी, कुणावर जीव जडतो ते वेगळं.

गंगावेस: इतका वेळ नुसतं वाचत होतो. मी त्या नातवासारखाच. तालमीत 'बायल्या' ऐकत वाढलो, तो शब्द कुठल्या कोशातून आला हे कुणी विचारलं नाही. रंकाळाकाठ, मावशींचं 'जेवतंय, जातंय' वाचून डोळे भरले. पण तो एकटाच येतो का? जोडीदाराला आणलं तर दोन ताटं वाढतील का? मला 'स्वीकार' कळतो तो तिथं.

रंकाळाकाठ: हे विचारलंच नाही हो. परवा मंडईत जाते तेव्हा विचारते.

शाहूपुरीकर: 'जोडीदार'मधला 'दार' फारसी. तरी राहू दे. आमच्या तालमीत जोडीचा म्हणजे बरोबरीचा, ज्याच्याशी कुस्ती लागते तो.

माळावरचा: मग 'तोडीचा' कुठून आला?