विषय: बॅनरवरचं 'लंडन बरो' आज रात्रीच बदलायला हवं

मंगळवार, रात्री ९.१२
मिलिंद (बॅनर)

मंडळी,
गणपती उत्सवाच्या बॅनरचं प्रूफ आलंय. उद्या दुपारी चारला छपाईला जातंय, त्यानंतर कानामात्राही बदलता येणार नाही. वरची ओळ अशी आहे: 'लंडन बरो ऑफ किंग्स्टनच्या महापौरांच्या उपस्थितीत'. मघाशी नंदूकाकांचा फोन आला की हे नाव चुकलंय. पूर्ण नाव घातलं तर ओळ दोन ओळींची होते आणि गणपतीचा फोटो लहान करावा लागतो. काय करायचं ते आज रात्रीच सांगा. गेल्या वर्षीसारखं ऐनवेळी नको.

मंगळवार, रात्री ९.३१
नंदूकाका, सर्बिटन

मिलिंद,
फोटो दोन बोटं लहान झाला तर बाप्पा रागावणार नाही. पाहुण्यांच्या गावाचं नाव चुकलं तर मात्र शोभणार नाही.

लंडनमध्ये एकूण ३२ बरो, म्हणजे स्वतःची कौन्सिल असलेले विभाग. त्यातला वेस्टमिन्स्टर स्वतःला 'सिटी' म्हणवतो आणि तिघांना 'रॉयल' ही पदवी आहे: किंग्स्टन, केन्सिंग्टन-चेल्सी आणि ग्रिनिच. कायद्याच्या कागदावर किंग्स्टन हाही लंडन बरोच, हे मला ठाऊक आहे. पण त्याचं नाव 'रॉयल बरो ऑफ किंग्स्टन अपॉन टेम्स' असं आहे. कौन्सिल टॅक्सच्या बिलावर तेच असतं, महापौरांच्या पत्रावरही तेच येतं. ही पदवी कालपरवाची नव्हे. अनादी वहिवाटीने ती या गावाचीच आहे, असं १९२७ साली पंचम जॉर्जने मान्य केलं. म्हणजे राजाने नवं काही दिलं नाही, लोक आधीपासून जे म्हणत होते त्यावर शिक्का मारला.

'अपॉन टेम्स'सुद्धा गाळू नकोस. उत्तरेतल्या हल शहराचं खरं नाव 'किंग्स्टन अपॉन हल' आहे. नदीवाचून हे नाव अर्धंच राहतं.

मंगळवार, रात्री ९.४८
सुनीता (स्मरणिका)

नमस्कार,
हा निर्णय बॅनर समिती परस्पर घेणार का? स्मरणिकेत पहिल्या पानापासून 'शाही नगर किंग्स्टन' असं मी लावलंय. सोळा पानं तपासून झाली आहेत. बॅनरवर एक आणि स्मरणिकेत दुसरं असं दिसायला नको. स्मरणिका मराठी आहे, तर नावही मराठीत असावं असं माझं स्पष्ट मत आहे. दरवर्षी शेवटच्या रात्री स्मरणिकेनेच नमतं घ्यायचं का?

मंगळवार, रात्री १०.०३
अरविंदराव, मेडनहेड

सुनीताताई, 'शाही' नको हो. तो शब्द आता मिठाईच्या खोक्यांवर आणि हॉटेलांच्या पाट्यांवर इतका झिजलाय की त्यातला राजा कधीच उठून गेला. मराठी शब्दच हवा असेल तर आपल्याकडे घरचा आहे: राजमान्य. माझे आजोबा प्रत्येक पत्राच्या माथ्यावर 'राजमान्य राजश्री' लिहीत. राजाने ज्याला मान दिला तो राजमान्य. इथेही नेमकं तेवढंच घडलेलं असतं.

तेवढंच म्हणतो, कारण मी स्वतः लंडनबाहेरच्या एका रॉयल बरोत राहतो. विंडसर आणि मेडनहेड १९७४ च्या फेररचनेत एकत्र आले. विंडसरला किल्ला, राजवाड्याचा सहवास, जुनी सनद. आम्हा मेडनहेडकरांना रॉयलपण मिळालं ते सोयरिकीतून. १९९८ मध्ये जिल्हा पातळीचं बार्कशर काउंटी कौन्सिल मोडीत निघालं तेव्हा आमची कौन्सिल सगळा कारभार एकहाती बघू लागली. पण तो अधिकार रॉयल असण्यातून आला नाही, शेजारच्या साध्या बरोंनाही त्याच दिवशी तोच मिळाला. 'रॉयल' शब्दाने एक पेनी जास्त येत नाही, एक अधिकार वाढत नाही, सरकारदरबारी आधी नंबर लागत नाही. मग एका शब्दासाठी गणपतीचा फोटो का लहान करायचा, हे मला अजून पटलेलं नाही.

मंगळवार, रात्री १०.११
स्नेहल

राजमान्य छान आहे! रविवारच्या तालमीला हॉलची किल्ली कोणाकडे आहे?

मंगळवार, रात्री १०.२६
नंदूकाका, सर्बिटन

अरविंदराव,
पैसे आणि अधिकार यांचं तुमचं म्हणणं आज बरोबर आहे. पण पूर्वी असं नव्हतं, म्हणून लिहितो.

बरो म्हणजे मुळात तटबंदीची वस्ती. पुढे बाजार, न्यायनिवाडा, जकात या गोष्टी गावाने स्वतः बघाव्यात अशी सनद राजा द्यायचा. आपल्याकडे पेशवे नवी पेठ वसवताना सनद द्यायचे, व्यापाऱ्यांना सवलतीचा कौल द्यायचे, त्याच जातीची ही गोष्ट. किंग्स्टनला जॉन राजाने १२०० साली सनद दिली. १६२८ च्या पहिल्या चार्ल्सच्या सनदेने तर सांगितलं की सात मैलांच्या आत दुसऱ्या कोणी बाजार भरवायचा नाही. यात पैसा होता आणि सत्ताही होती. १८३५ च्या म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स कायद्याने जुन्या कॉर्पोरेशनांना एकाच साच्यात बसवलं. पुढे १९६५ मध्ये लंडनची नवी रचना झाली, सर्बिटन आणि मॉल्डन-कूंब किंग्स्टनमध्ये आले. तोवर सनदेतले बहुतेक हक्क इतिहासजमा झाले होते. उरलं ते नाव, आणि नव्या मोठ्या बरोला ते जपून बहाल केलं गेलं. सगळं गेल्यावर जे उरलंय ते तरी नीट लिहावं, एवढंच माझं म्हणणं.

सुनीताताई, तुम्ही स्मरणिकेत 'किंग्स्टन म्हणजे राजाचा दगड' असं छापताय असं कळलं. ते कृपा करून काढा. ८३८ सालच्या कागदात हे नाव 'क्यूनिंगेस टून' असं आहे, म्हणजे राजाची वाडी. दगडावरून गावाला नाव पडलं नाही. दगड आहे, आणि तो बघण्यासारखा आहे. गिल्डहॉलच्या बाजूला, लोखंडी कठड्याच्या आत, करड्या रंगाचा, ओबडधोबड. एकट्याने उचलणं दूरच, मिठीतही मावायचा नाही. खाली सात बाजूंचा चौथरा. प्रत्येक बाजूवर एका सॅक्सन राजाचं नाव कोरलेलं आणि त्याच्या काळचं नाणं बसवलेलं. या दगडावर सात राज्याभिषेक झाले असं परंपरा सांगते. त्यातल्या ९२५ च्या अॅथेलस्टनची आणि ९७९ च्या एथेलरेडची नोंद तर अँग्लो-सॅक्सन बखरीतच आहे. माझी नात पाच वर्षांची असताना तिथे उभी राहून तिने विचारलं, 'आबा, राजा यावर बसला तर त्याला टोचलं नाही का?' तेव्हापासून मी त्या दगडासमोरून न थांबता गेलेलो नाही.

मंगळवार, रात्री १०.३४
अनघा, न्यू मॉल्डन

नंदूकाका, पण किंग्स्टन सरे काउंटीमध्येच ना? आम्ही अजून पत्त्यात सरे लिहितो आणि पत्रं व्यवस्थित येतात.

मंगळवार, रात्री १०.३९
नंदूकाका, सर्बिटन

अनघा, पत्त्यात चालतं, कारभारात १९६५ पासून नाही. पण तुझा गोंधळ होणं साहजिक आहे. सरे काउंटीचं मुख्यालय २०२० पर्यंत किंग्स्टनमध्येच होतं. पंचावन्न वर्षं सरेचा कारभार सरेबाहेर बसून चालला.

मंगळवार, रात्री १०.५२
वसुधाताई, एल्टम

सर्वांना नमस्कार,
मी सहसा लिहीत नाही, पण रॉयल बरोची चर्चा आणि ग्रिनिचला एका ओळीत उरकलंत म्हणून लिहिते.

आमच्या ग्रिनिचची पदवी सगळ्यांत नवी. राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं होणार म्हणून २०१० मध्ये जाहीर झाली आणि ३ फेब्रुवारी २०१२ ला अमलात आली. नवी असली तरी आयती नाही. आठवा हेन्री १४९१ मध्ये ग्रिनिचच्या राजवाड्यात जन्मला, पहिली एलिझाबेथही तिथलीच, १५३३. दुसऱ्या चार्ल्सने १६७५ मध्ये वेधशाळा बांधायला घेतली, तिची रेषा आपण शाळेत भूगोलात पाठ केली.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. मी गिरगावची. मुंबई बेट पोर्तुगिजांनी राजकन्या कॅथरिनच्या लग्नात आंदण दिलं हे आपल्याला पाठ असतं. त्यानंतरचं वाचाल तर थबकाल. २७ मार्च १६६८ च्या सनदेने याच दुसऱ्या चार्ल्सने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली, वर्षाला दहा पौंड सोन्यात, दर ३० सप्टेंबरला भरायचे. आणि कशी दिली? 'केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रिनिचच्या मॅनरप्रमाणे'. मॅनर म्हणजे वतनी जमीन, आणि ही राजाची स्वतःची होती. त्या काळची ती कायद्याची ठरलेली पद्धत होती. दूरदेशीची जमीन द्यायची तर ती ग्रिनिचच्या वतनाखाली आहे असं धरायचं, म्हणजे घेणाऱ्यावर राजासाठी लढाईला जायचं बंधन नाही, ठरला खंड भरला की झालं. १६०६ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची जमीनही अशीच दिली होती.

मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी काम संपवून नदीकाठी जाऊन बसले. आमची चाळ ज्या बेटावर उभी आहे ते बेट कागदोपत्री माझ्या आत्ताच्या घराजवळच्या वतनात मोडत होतं. आजीने आयुष्यात इंग्लंड पाहिलं नाही, आणि मी इथे आले तेव्हा 'इतक्या लांब का चाललीस' म्हणून रडली होती. तिला हे सांगायला हवं होतं.

तेव्हा अरविंदराव, नाव म्हणजे नुसता शब्द असं मला म्हणवत नाही. त्या सनदेत ग्रिनिच हा एक शब्दच होता.

मंगळवार, रात्री ११.०४
अरविंदराव, मेडनहेड

वसुधाताई, हे मला ठाऊक नव्हतं. मी माझा मुद्दा मागे घेतो. हे स्मरणिकेत यायलाच हवं.

मंगळवार, रात्री ११.०९
सुनीता (स्मरणिका)

एक पान निघेल. ताई, तुम्ही जसं लिहिलंय तसंच छापते, आजीसकट. आणि राजाच्या दगडाचं वाक्य काढलं, त्या जागी राजाची वाडी घातली.

मंगळवार, रात्री ११.१५
केदार, वेस्ट केन्सिंग्टन

उशिरा बघतोय. केन्सिंग्टनचंही एक सांगतो, कारण सोयरीक म्हणाल तर आमच्या शेजारीही झाली. व्हिक्टोरिया १८१९ मध्ये केन्सिंग्टन राजवाड्यात जन्मली. तिच्या इच्छेनुसार सातव्या एडवर्डने १९०१ मध्ये तिच्या जन्मगावाला पदवी दिली. १९६५ ला चेल्सी जोडलं तेव्हा आधी नुसतं 'केन्सिंग्टन' ठरलं होतं. चेल्सीकर हजारोंनी उठले आणि आपलं नाव पाटीवर घालूनच थांबले. मिलिंद, नावावरून माणसं भांडतात ती इथेही भांडतात. पूर्ण नाव लिही.

आणि रॉयल म्हटलं की राजवाडाच लागतो असं नाही. विल्टशरमधलं वुटन बॅसेट हे छोटं गाव. अफगाणिस्तानातून सैनिकांच्या शवपेट्या जवळच्या विमानतळावर उतरायच्या आणि गावातून जायच्या. दरवेळी लोक दुकानं थांबवून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मुकाट उभे राहायचे. कोणी बोलावलेलं नसायचं. त्यासाठी २०११ मध्ये राणीने त्याला 'रॉयल' केलं. ते बरो नाही, गाव आहे, टनब्रिज वेल्स या दुसऱ्या 'रॉयल' गावासारखं. पण माझ्या मते सगळ्यांत मोठ्या मानाची पदवी तीच.

मंगळवार, रात्री ११.२२
खजिनदार

विषयांतर नाही, महत्त्वाचं आहे. प्रूफच्या उजव्या कोपऱ्यात किंग्स्टनच्या मानचिन्हातले तीन मासे कोणी टाकले? कौन्सिलचं चिन्ह लेखी परवानगीशिवाय वापरता येत नाही. आपल्याकडे परवानगी फक्त हॉलची आहे.

मंगळवार, रात्री ११.२५
अनघा, न्यू मॉल्डन

आणि गणपतीच्या बॅनरवर मासे? आमच्या आईंना चालणार नाही.

मंगळवार, रात्री ११.२९
नंदूकाका, सर्बिटन

ते सॅमन आहेत. १०८६ च्या डूम्सडे या जमिनींच्या नोंदणीत किंग्स्टनला तीन मत्स्यकोंडी लिहिल्या आहेत, त्यावरून आले. मालवणकडच्या मंडळींना काहीच वावगं वाटणार नाही. पण खजिनदारांचं बरोबर आहे, परवानगी नाही तर काढा.

मंगळवार, रात्री ११.३३
सुनीता (स्मरणिका)

'टेम्स' की 'थेम्स'? आमच्या शालेय पुस्तकात 'थेम्स' होतं. सोळा पानांत 'थेम्स' आहे.

मंगळवार, रात्री ११.३८
वसुधाताई, एल्टम

इथली माणसं टेम्स म्हणतात. नदी त्यांची आहे, त्यांच्या तोंडून ऐकू येतं तसं लिहूया.

मंगळवार, रात्री ११.५६
मिलिंद (बॅनर)

प्रूफ ४ जोडलंय. ओळ अशी केली:

'रॉयल बरो ऑफ किंग्स्टन अपॉन टेम्सच्या महापौरांच्या उपस्थितीत'

एका ओळीत बसली, अक्षर थोडं बारीक केलं. फोटो होता तेवढाच ठेवला. मासे काढले. स्मरणिकेत नाव हेच राहील, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'राजमान्य नगर' असा अर्थ सुनीताताई एका ओळीत देतील, असं आमचं फोनवर ठरलंय. सकाळी दहापर्यंत कोणाला चूक दिसली तर मलाच फोन करा, लिस्टवर नको.

बुधवार, सकाळी ७.४०
स्नेहल

बॅनर मस्त झालंय. किल्ली कोणाकडे आहे ते अजून कोणी सांगितलं नाही.