ईव्हीएमवर प्रश्न विचारला की आम्ही अडाणी?

वेबवाला, आर्वी

काल गावच्या ग्रुपवर एकानं टाकलं, “ज्यांना टेक्नॉलॉजी कळत नाही तेच ईव्हीएमवर बोंबलतात. जग चंद्रावर गेलं अन् हे अजून कागदच मागून राहिले.” खाली अंगठ्यांची रांग. मी चौदा वर्षांपासून वेबसाइटा बनवतो, मला त्यातलं कळतं म्हणूनच प्रश्न पडतात, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आतलं सगळ्यांसाठी उघडं नसलं की काय होते, ते गिफ नावाच्या चित्राच्या फाइलीचं पाहा. १९८७ साली आलं, सगळ्यांनी आपलंच समजून वापरलं, अन् १९९४ च्या डिसेंबरात कळलं की आतल्या कॉम्प्रेशनचं (फाइल लहान करायच्या पद्धतीचं) पेटंट युनिसिस कंपनीकडं आहे, सॉफ्टवेअरवाल्यांनो पैसे भरा. मग लोकांनी मिळून पीएनजी हा चित्राचा खुला प्रकार बनवला, १९९६ ला त्याचं स्टँडर्ड झालं. एसव्हीजीचं, म्हणजे ज्या चित्रात आकार साध्या मजकुरात लिहिलेले असतात त्याचं, दुखणं वेगळं. मायक्रोसॉफ्टवाल्यांचं व्हीएमएल एकीकडं, अडोबीवाल्यांचं पीजीएमएल दुसरीकडं, ही ओढाताण १९९८ ची, २००१ मध्ये एसव्हीजी हे एकच स्टँडर्ड ठरलं अन् मायक्रोसॉफ्टच्या एक्सप्लोरर ब्राउजरमध्ये यायला २०११ उजाडलं. २०१२ मध्ये एका गिऱ्हाइकाला मी एसव्हीजीत जिल्ह्याचा नकाशा करून दिला, तालुक्यावर क्लिक केलं की माहिती येते. माझ्याकडं झकास चालला. त्यांच्या ऑफिसात सगळे जुन्या विंडोज एक्सपीचे डबे, त्यावर एक्सप्लोरर नऊ चढतच नव्हता, नकाशाच्या जागी नुसता पांढरा चौकोन. चारचौघांत माझी लाज गेली. पण मी ती फाइल तिथंच नोटपॅडमध्ये उघडून दाखवली, हा आकार आर्वीचा, हा आष्टीचा, फाइलीत खोट नाही, ब्राउजर जुना आहे. पटलं त्यांना.

आतलं उघडं होतं म्हणून पटवता आलं. ईव्हीएमच्या आतला प्रोग्राम मतदार सोडा, उमेदवारालाही वाचता येत नाही. मग व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत दिलं की मशीनजवळच्या डब्यात छापून पडणाऱ्या, सगळ्या चिठ्ठ्या मोजा म्हटलं तर आम्ही अडाणी कसे?

मास्तर, पुसद

भाऊ, तुम्ही कधी केंद्राध्यक्ष म्हणून गेलात का हो? मी गेलोय. २६ एप्रिल २०२४, आदल्या रात्री शाळेच्या फरशीवर झोपलो, गरमीनं जीव चाललेला, पहाटे साडेपाचला एजंटांना बसवून मॉक पोल, म्हणजे चाचणीचं मतदान. किमान ५० मतं टाकायची, कंट्रोल युनिटचा (मतं मोजणाऱ्या डब्याचा) आकडा अन् चिठ्ठ्या जुळवायच्या, सीआरसी म्हणजे क्लोज-रिझल्ट-क्लिअर करून ती मतं पुसायची, चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सील करायच्या, मग सातला मतदान सुरू. संध्याकाळी क्लोज बटन दाबलं की १७-सी, म्हणजे पडलेल्या मतांच्या हिशेबाचा फॉर्म, एजंटाच्या हातात. मशीनमध्ये एकूण मतं किती हे त्याच्या खिशात असते, मोजणीच्या दिवशी तो जुळवून पाहतो. अन् त्याच दिवशी, इकडं आमच्या यवतमाळ-वाशीमला अन् तुमच्या वर्ध्याला मतदान चालू असताना, सुप्रीम कोर्टानं शंभर टक्के चिठ्ठ्यांची मागणी फेटाळली. कोर्टालाही कळत नाही का?

आणि कागदाचं कौतुक मला सांगू नका. १९९७ च्या झेडपीची मोजणी मी केली आहे. शिक्का दोन खान्यांच्या मधात, घडी घातल्यानं शाई पलीकडं उमटलेली, एकेका मतपत्रिकेवर अर्धा अर्धा तास भांडण. रात्री दोनला एक एजंट माझ्या अंगावर धावून आला होता. मशीनमध्ये मिनिटाला चारच मतं पडतात, बूथ ताब्यात घेऊन धडाधड शिक्के मारायचे दिवस गेले. हे लॅपटॉपवर बसून दिसत नाही.

वेबवाला, आर्वी

मास्तर, लॅपटॉपवर बसतो म्हणून माझं मत हलकं होत नाही. अन् मी मतपत्रिका आणा असं म्हटलंच नाही, नीट वाचा.

कंट्रोल युनिटला उमेदवाराचं नाव माहीत नसते, कितव्या नंबरचं बटन दाबलं तेवढंच त्याला कळते. चिन्ह कुठं असते? व्हीव्हीपॅटमध्ये, बिटमॅप इमेज (ठिपक्यांचं चित्र) म्हणून, सिम्बॉल लोडिंग युनिट नावाच्या वेगळ्या डब्यानं चढवलेलं. म्हणजे मला काचेतून सात सेकंद दिसते ते चित्र अन् मोजला जातो तो दुसऱ्या डब्यातला आकडा. माझा रोजचा धंदाच हा आहे, स्क्रीनवर एक दाखवायचं अन् फॉर्ममधून भलतंच पाठवायचं हे कोणताही नवखा पोरगा दहा मिनिटांत करून दाखवेल. मशीनमध्ये असं होते असं मी म्हणत नाही. होत नाही हे मला बघता आलं पाहिजे, अन् त्याला चिठ्ठी मोजण्याशिवाय उपाय नाही. विधानसभा क्षेत्रामागं पाचच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात, २०१९ पासून. जर्मनीच्या घटना कोर्टानं २००९ मध्ये हेच सांगितलं, मोजणी सामान्य माणसाला तज्ज्ञाशिवाय तपासता आली पाहिजे. त्यांना टेक्नॉलॉजी कळत नाही का?

सेतूवाली, उमरेड

तुमचं मशीन राहू द्या दादा. मतदार यादीचं बोला, मी रोज त्यातच मरते. यादीची पीडीएफ अक्षरांची नाही, चित्राची आहे. शोधाच्या खान्यात आडनाव टाकलं की शून्य. एका पानावर तीस नावं, यादीचा बाराशे नावांचा एक भाग म्हणजे चाळीस पानं, बोटानं सरकवत बसा. मागच्या खेपेला एक आजी आल्या, हातात जुनं कार्ड, नंबरवरून नाव निघेना. मी त्यांच्या गावचे दोन्ही भाग पाहिले, नाही. शेवटी माहेरच्या गावच्या यादीत सापडल्या, वय बेचाळीस लिहिलेलं. तोवर दुपारची एसटी निघून गेली होती.

मास्तर, पुसद

ताई, त्याला कारण आहे. सगळी यादी शोधण्याजोगी दिली तर घर नंबर, वय, बापाचं नाव कंपन्या उचलून नेतील. २०१८ मध्ये याच मागणीवर कोर्टानं आदेश द्यायला नकार दिला.

सेतूवाली, उमरेड

सर, कंपनीवाल्याजवळ चित्रातली अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर आहे. तो एका रात्रीत सगळा जिल्हा वाचून काढते. अडते ती माझ्यासमोरची आजी. मग ही लपवाछपवी कोणापासून?

वेबवाला, आर्वी

ताई शंभर टक्के बरोबर. एसव्हीजीत अक्षर हे अक्षरच राहते, शोधता येते, आंधळ्या माणसाला फोन वाचून दाखवते. चित्र केलं की सगळं मेलं.

कापूसवाला, राळेगाव

मले तुमचं एसव्हीजी नाई समजत, पण चित्राचं दुखणं मले पुरतं माईत हाये. कापूस सरकारी खरेदीत विकाच्या नोंदणीले पासबुकाचा फोटो टाकाचा होता. फोनातला फोटो चार एमबीचा, पोर्टल म्हणे शंभर केबीच्या आत अन् जेपीजीच पायजे. पोरानं लहान लहान करत नेला तं खाते नंबरातला आठ अन् तीन सारखाच दिसे. भरला. आठ दिवसांनी मेसेज, फोटो अस्पष्ट. पुन्हा गेलो, तं तारीख संपली. व्यापाऱ्याले घरूनच कापूस द्या लागला, क्विंटलमागं किती गेले ते मी इथं सांगत नाई, रात्रभर झोप नाई आली बाप्पा. हे कोणी ठरवलं, काऊन ठरवलं, इचाराले माणूस नाई. अन् तुमी इकडं मशीन उघडाच्या गोष्टी करून रायले, पयले ते पोर्टल उघडा.

वेबवाला, आर्वी

काका, जेपीजी फोटोसाठी आहे, झाड, चेहरा, वावर. अक्षराच्या कडा ते दाबून दाबून खाऊन टाकते. पासबुकाला पीएनजी चालू दिलं असतं तर काळंपांढरं स्वच्छ आलं असतं. पीएनजी तीस वर्षांचं होत आलं, ते घ्यायला एका ओळीचा बदल लागते. मला याचा संताप येतो, कारण ती ओळ लिहिणारा माझ्याच धंद्यातला आहे.

मास्तर, पुसद

म्हणजे तुमच्या लोकांना साधा फोटो नीट घेता येत नाही अन् तुम्ही मशीनचा प्रोग्राम तपासायला निघाले. चिन्हं चढवताना उमेदवारांना बोलावतात, तेव्हाच पाच टक्के मशीनवर हजार हजार मतं टाकून पाहतात. किती पक्षांचे लोक पूर्ण वेळ थांबतात ते येऊन पहा. दोन तासांत खुर्च्या रिकाम्या. बघायला मिळते तेव्हा बघायचं नाही अन् हरलं की बोंब!

वेबवाला, आर्वी

हे मात्र खरं आहे, मान्य करतो. एजंट थांबत नाहीत. पण मग ग्रामपंचायतीचं सांगा. तिथं व्हीव्हीपॅटच नाही. आमच्याकडं वॉर्डात माणूस एकदोन मतांनी पडते, बरोबरी झाली तर चिठ्ठी टाकतात, अन् पडलेल्यानं फेरमोजणी मागितली तर पुन्हा तेच बटन दाबून तोच आकडा दाखवतात. त्याला काय मोजून दाखवणार तुम्ही?

मास्तर, पुसद

ग्रामपंचायतीच्या ड्यूटीवर मलाही हाच प्रश्न एका पडलेल्या उमेदवारानं विचारला होता. मी रिझल्ट बटन दोनदा दाबलं. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला, माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. तर ठीक आहे, गावच्या निवडणुकीला व्हीव्हीपॅट पाहिजे, एवढं मी लिहून देतो. लोकसभेच्या सगळ्या चिठ्ठ्या मोजायला मात्र माझा विरोध कायम आहे, ते मोजायला शेवटी आम्हालाच बसवणार.

कापूसवाला, राळेगाव

मास्तर, एका दिसाची तं गोष्ट हाये. आमी कापूस विकाले दोन रात्री बंडीवर काढतो.

सेतूवाली, उमरेड

यादीवर कोणीच पुढं बोललं नाही. वेबवाले दादा, तुमच्याकडं चित्रातली मराठी अक्षरं वाचणारं काही असेल तर सांगा, माझ्याकडं चार गावांचे भाग उतरवून ठेवलेले आहेत.