रात्री मुलाला ताप आला आणि डॉक्टरांना फोन लावला, तर नेमकं काय सांगायचं?

धायरीची_आई
नमस्कार. माझा मुलगा पावणेदोन वर्षांचा, वजन ११ किलो. परवा रात्री दीड वाजता अंग चटका बसेल इतकं तापलं, थर्मामीटरवर १०२.८. आमच्या डॉक्टरांनी रात्रीसाठी नंबर दिलेला आहे, तो लागलाही. पण मला धड बोलताच येईना. "खूप ताप आहे हो" एवढंच दोनदा म्हटलं. शू कधी केली? आठवेना. औषध किती दिलं? मी म्हटलं पाच मिली, तर ते म्हणे बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा, आणि बाटली स्वयंपाकघरात. नवरा नाइट शिफ्टला, सासूबाई गावी. सकाळी या म्हणाले. मी उजाडेपर्यंत त्याच्या छातीवर हात ठेवून बसून राहिले. आता तो बरा आहे, पण पुन्हा अशी तारांबळ नको. फोन करायच्या आधी काय बघून ठेवायचं? आणि फोनची वाट न बघता थेट कधी निघायचं?

वारज्याचा_बाबा
आम्ही फ्रिजवर कागद चिकटवलाय. वजन, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर, १०८. वजन दर दोन महिन्यांनी खोडून नवीन लिहितो. रात्री दोन वाजता ते आठवत नाही, खरंच.

निवृत्त_सिस्टर
ताई, मी २३ वर्षं मुलांच्या वॉर्डात होते आणि नंतर ९ वर्षं कोथरूडला एका दवाखान्यात फोन घेतले. तुम्ही छातीवर हात ठेवून बसलात ना, तिथे जे हाताला लागत होतं तेच फोनवर सांगायचं असतं. तापाचा आकडा सगळेच सांगतात. १०३ ताप असूनही ताप उतरल्यावर मूल खेळतंय, पाणी पितंय, तर डॉक्टर बहुधा सकाळपर्यंत थांबा म्हणतील. ताप ९९ आणि मूल मलूल, हाक मारली तरी डोळे उघडत नाही, तर कोणीच थांबायला सांगणार नाही.

आधी श्वास. दिवा लावा, शर्ट वर करा, मूल शांत किंवा झोपलेलं असताना पोट किती वेळा वर येतं ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एका लयीत नसतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, पुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, कण्हतंय, ओठ निळसर दिसतायत, तर मोजत बसू नका, निघा.

मग शेवटची शू किती वाजता, अंगावर किंवा बाटलीवर पितंय का, उलट्या किती. आणि औषधाची बाटली हातात घेऊनच फोन लावा. पॅरासिटामॉल एकच, पण ५ मिलीत १२० मिलिग्रॅमची बाटली वेगळी, ५ मिलीत २५० ची वेगळी, आणि बाळांच्या ड्रॉप्समध्ये १ मिलीतच १००. एकदा एका बाबांचा फोन आला, "पाच मिली दिलं." बाटली वाचायला लावली तर ड्रॉप्सची! बाळ ७ किलोचं आणि पोटात गेलं ५०० मिलिग्रॅम. डॉक्टरांनी तसंच बोलावून घेतलं, रक्त तपासलं. बाळ ठीक राहिलं, पण त्या बाबांचा आवाज मला अजून ऐकू येतो. डोस साधारण किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही.

फोनची वाट न बघता निघायचं ते असं: तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि ताप १००.४ किंवा वर, काहीच पीत नाही, पोटात गेलेलं सगळं उलटून पडतंय, जागं होत नाही, मान ताठ, किंवा झटका. झटका आला तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, १०८ लावा. तोंडात चमचा, पाणी, बोट काही घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवू नका, मी हात जोडून सांगते.

पावसाळ्यात अजून एक. डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका. आणि डेंग्यूत ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हे बरेचदा ताप उतरतानाच सुरू होतं.

धायरीची_आई
सिस्टर, वाचून डोळ्यांत पाणी आलं. तो आत्ता झोपलाय, मोजलं, २८ भरले. पण बाटली बघितली तर ५ मिलीत २५० ची आहे. म्हणजे मी जास्त दिलं होतं का?

निवृत्त_सिस्टर
हो, जास्तच. ११ किलोला १६५ मिलिग्रॅम, म्हणजे त्या बाटलीतून सव्वातीन मिली, तुम्ही २५० दिलं. एकदाच तेवढं गेलं तर घाबरायचं कारण नाही. तेच दिवसभर दर चार तासांनी चाललं असतं तर काळजी होती. उद्या डॉक्टरांना सांगा आणि मिली त्यांच्या हातून लिहून घ्या. मेडिकलवाल्याने दुसऱ्या प्रमाणाची बाटली दिली की तो आकडा बदलतो, तेव्हा कागदावर मिलीशेजारी बाटलीचं प्रमाणही लिहा. २८ छान आहे. झोपा आता तुम्हीही.