मानवविरहित नौका: ‘दूरनियंत्रित’ आणि ‘स्वायत्त’ यांत नेमका फरक कोणता?

प्रश्न:
काळ्या समुद्रातील युक्रेनच्या मानवविरहित नौकांविषयी वाचताना त्यांना कधी ‘दूरनियंत्रित’, तर कधी ‘स्वायत्त’ म्हटलेले आढळते. हे दोन्ही शब्द समानार्थी मानावेत काय? तसेच, जिच्यावर एकही खलाशी नाही अशी नौका कायद्याच्या दृष्टीने युद्धनौका ठरते काय?

प्रतिसाद १:
समानार्थी मुळीच मानू नयेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘सीझर कुनिकोव्ह’ हे रशियन जहाज बुडवणाऱ्या ‘मागुरा व्ही-५’ नौकांवर माणूस नव्हता, परंतु कॅमेऱ्याचे चित्र उपग्रहामार्फत पाहत त्यांना लक्ष्यापर्यंत नेणारा चालक दूर कोठेतरी बसलेला असतो, म्हणजेच निर्णय माणसाचाच असतो. संपर्क तुटल्यानंतरही जी नौका सोपवलेले काम पुढे चालू ठेवू शकते, तिलाच स्वायत्त म्हणणे योग्य.

पाण्याखाली मात्र तारेने न जोडलेल्या यानाला स्वायत्ततेशिवाय पर्यायच नाही. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी लवकर विरतात, उपग्रहाकडून स्थान कळत नाही, आणि ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जात असला तरी त्याच्यामार्फत फारच थोडी माहिती पाठवता येते. त्यामुळे पाण्याखालच्या यानाला आपली गती आणि दिशा सतत मोजून स्वतःच्या स्थानाचा अंदाज बांधावा लागतो. २००३ मध्ये इराकच्या उम्म कसर बंदरात सुरुंग शोधण्यासाठी ‘रेमस’ ही छोटी याने वापरली गेली. पाण्यात उतरणाऱ्या माणसांचा जीव धोक्यात घालणारे हे काम यंत्राकडे जाणे हा मला या तंत्रज्ञानाचा सर्वांत मोलाचा उपयोग वाटतो.

प्रतिसाद २:
कायद्याचा प्रश्न आपण योग्य उपस्थित केला आहे. १९८२ च्या सागरी कायदा कराराच्या कलम २९ नुसार युद्धनौका अधिकाऱ्याच्या हुकमतीखाली असावी लागते आणि तिच्यावर लष्करी शिस्तीखालील चालकदल असावे लागते. ही दुसरी अट मानवविरहित नौका कशी पूर्ण करणार, यावर एकमत नाही. शिवाय समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठी केलेल्या १९७२ च्या नियमांतील पाचवा नियम डोळ्यांनी व कानांनी सतत टेहळणी ठेवण्यास सांगतो; माणूस नसलेल्या नौकेने तो कसा पाळावा, हाही प्रश्नच आहे. हा वाद केवळ कागदावरचा नाही: डिसेंबर २०१६ मध्ये चीनच्या नौदलाने दक्षिण चीन समुद्रातून अमेरिकेचे पाण्याखालचे यान उचलून नेले, तेव्हा अमेरिकेने त्यास सार्वभौम संरक्षण असल्याचा, म्हणजे दुसऱ्या देशाला ते ताब्यात घेता येत नसल्याचा, दावा केला आणि काही दिवसांत ते परत मिळाले.

प्रतिसाद ३:
एक बाजू राहिली, ती देखभालीची. इंजिनातील गळती रोखणे किंवा तुंबलेली गाळणी बदलणे ही कामे खलाशी रोज करतात; मानवविरहित नौकेवर ती करायला कोणी नसते. सुमारे ४० मीटर लांबीच्या अमेरिकेच्या ‘सी हंटर’ या मानवविरहित नौकेने सॅन डिएगोहून पर्ल हार्बर गाठून परतीचा प्रवासही केला, परंतु विद्युत व प्रणोदन (नौका पुढे ढकलणारी) यंत्रणा तपासण्यासाठी सोबतच्या नौकेवरील माणसांना काही वेळ तिच्यावर चढावे लागले.